आधी बॅच, मग कंपनी

कॅम्पसमध्ये नोकरी लागलेली असते, पण जॉइनिंगची तारीख पुढे गेलेली असते. कॉलेजातली ज्युनिअर मुलं रोज विचारत असतात, "दादा, पायथन कुठून शिकू?" तंत्रशिक्षणाचा स्टार्टअप काढायचा विचार बहुतेकांच्या डोक्यात असाच येतो. त्यात गैर काहीच नाही. जे आपल्याला परवा-परवा कळलं, ते कळायच्या आधी नेमकं कुठे अडलं होतं हे आपल्याला आठवत असतं. वीस वर्षं कोड लिहिणाऱ्याला ते आठवत नाही. नुकत्याच पास झालेल्या मुलाची किंवा मुलीची शिकवण्यातली खरी ताकद हीच.

पुढचे निर्णय मात्र कोणत्या क्रमाने घेतले जातात, यावर बरंच काही अवलंबून असतं. बहुतेक जण आधी नाव ठरवतात, मग लोगो, वेबसाइट, कंपनीची नोंदणी, अ‍ॅप आणि सगळ्यात शेवटी विद्यार्थी शोधायला निघतात. माझ्याकडे कुणी विचारायला आलं, तर मी हा क्रम पूर्ण उलटा करायला सांगतो. तो उलटा केल्यावर काम कसं चालतं, ते इथे सावकाश मांडतो.

पहिला प्रश्न असा, की शिकणारा कोण आणि पैसे देणारा कोण? शाळकरी मुलांना कोडिंग शिकवायचं, तर शिकतो मुलगा आणि फी भरतात आईवडील. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांची प्लेसमेंटसाठी तयारी करून घ्यायची, तर कधी कॉलेज पैसे देतं, कधी घरचे. बी.कॉम. किंवा बी.एस्सी. होऊन नोकरी शोधणारी मुलगी स्वतःच्या किंवा भावाच्या पैशातून फी भरते. नोकरी करत असलेला माणूस स्वतःच्या पगारातून भरतो. हे चार वेगवेगळे धंदे आहेत. त्यांची शिकवण्याची वेळ, भाषा, फी, जाहिरात सगळं वेगळं. "आम्ही सगळ्यांनाच शिकवू" असं म्हणणाऱ्यांनी अजून काहीच ठरवलेलं नसतं.

महाराष्ट्रात याचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. राज्य शासनाच्या पुढाकाराने २००१ मध्ये एमकेसीएल ही कंपनी स्थापन झाली आणि तिचा एमएस-सीआयटी हा संगणकाचा कोर्स तालुक्या-तालुक्यात पोचला. केंद्रं चालवायला स्थानिक तरुण पुढे आले, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सरकारी नोकरीसाठी संगणक येत असल्याचा दाखला लागू लागला आणि हा कोर्स तिथे चालत होता. शिकणाऱ्याला हा कोर्स करून आपलं नेमकं काय होणार, हे घरी एका वाक्यात सांगता येत होतं. तुमच्या कोर्सबद्दल शिकणाऱ्याला घरी एका वाक्यात काय सांगता येईल? ते वाक्य तुम्ही लिहू नका, दहा विद्यार्थ्यांना लिहायला सांगा. दहा जणांनी दहा वेगळी वाक्यं लिहिली, तर अजून थांबा.

शिकणारा आणि पैसे देणारा वेगळे असले, की एक धोका वाढतो. जाहिरात शिकणाऱ्याच्या गरजेशी बोलायची सोडून पैसे देणाऱ्याच्या भीतीशी बोलू लागते. मुंबईतली व्हाइटहॅट ज्युनिअर ही मुलांना कोडिंग शिकवणारी कंपनी २०२० मध्ये बायजूज या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीने ३० कोटी डॉलरला घेतली. त्याच वर्षी जाहिरात मानक परिषदेच्या आक्षेपानंतर तिला काही जाहिराती मागे घ्याव्या लागल्या. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या भविष्याची धास्ती घालून फी गोळा करता येते. मुलाला त्यातून किती आलं, हा प्रश्न मग कुणी विचारत नाही.

आता दुसरा प्रश्न, आणि हा टाळता येत नाही. शिकायचं सगळं तर फुकट मिळतं! आयआयटींच्या एनपीटीईएल उपक्रमाची व्याख्यानं २००३ पासून तयार होत आहेत, केंद्र सरकारचं स्वयम पोर्टल २०१७ पासून आहे, हार्वर्डचा सीएस-५० हा संगणकशास्त्राचा कोर्स कुणालाही घरबसल्या बघता येतो. यूट्यूबचं तर सांगायलाच नको. मग तुमची बारा हजार फी कशाची? उत्तराचा एक धागा एका जुन्या आकड्यात आहे. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन कोर्सेसना नाव नोंदवणाऱ्यांपैकी २०१७-१८ साली कोर्स पूर्ण करणारे सुमारे ३ टक्केच होते. उत्तम व्याख्यान आणि जगातलं नाव असूनही शंभरातले सत्त्याण्णव मध्येच सुटले. म्हणजे कमतरता व्याख्यानांची नाही. माणूस कुठे अडतो ते बघणारं आणि त्याला तिथून पुढे नेणारं कुणी नाही, ही खरी कमतरता.

हे जवळून कसं दिसतं, ते बघा. पायथनचा तिसरा तास. मुलीने दोन आकड्यांची बेरीज करायचा प्रोग्रॅम लिहिलाय. २ आणि ३ दिले, तर उत्तर ५ यायला हवं. स्क्रीनवर येतं २३. लाल अक्षरात एरर येत नाही, प्रोग्रॅम व्यवस्थित चालतो, फक्त उत्तर चुकतं. कारण साधं आहे. वापरणाऱ्याने कीबोर्डवरून दिलेली कोणतीही गोष्ट पायथन मजकूर म्हणून घेतो, आणि मजकूर अधिक मजकूर म्हणजे दोन्ही शेजारी ठेवणं. त्याला आधी संख्येत बदलून घ्यावं लागतं. पण ती मुलगी काय करते? अधिकचं चिन्ह पुसून पुन्हा लिहिते, कंस बदलून बघते, मग शेजारणीचा कोड उतरवून घेते आणि गप्प बसते. त्या गप्प बसण्यात कोर्स सुटायला सुरुवात होते. व्हिडिओला ते दिसत नाही. वर्गात शिकवणाऱ्याला दिसलं पाहिजे.

आज यावर म्हणता येईल, की ती चॅटजीपीटीला विचारेल. विचारेल, आणि बरोबर उत्तरही मिळेल. स्पष्टीकरण मिळवणं आता सोपं झालंय हे मान्य करूनच पुढे जावं लागेल. पण विचारायचं काय, हे कळायला आपलं अडलंय कुठे हे आधी कळावं लागतं. तयार उत्तर चिकटवून पुढे गेलेल्या मुलीला मुलाखतीत कोऱ्या स्क्रीनसमोर बसवलं, की तिच्या हाताला काहीच आठवत नाही. माझ्या मते यापुढे तंत्रशिक्षणात विकण्यासारखं एवढंच उरतं: रोज कुणीतरी कोड बघणं, अडलेलं ओळखणं, आणि करून घेणं. आपल्याकडे त्यात भाषेची भर घाला. इंग्रजी संज्ञा तशाच ठेवून समजावणं मराठीत केलं, तर लातूर-नांदेडकडच्या मुलाचा निम्मा ताण उतरतो. २०२१ मध्ये एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या नियामक परिषदेने प्रादेशिक भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली, त्यामागेही हीच जाणीव होती. मोठ्या कंपन्यांना या कोपऱ्यात फारसा रस नाही. नव्या माणसाला शिरायला जागा इथे आहे.

म्हणून कंपनीचा विचार बाजूला ठेवून आधी एक चाचणी बॅच घ्यायची. दहा-बारा जण पुरेत. जागा कॉलेजची लॅब असो, एखादी अभ्यासिका असो किंवा मंडळाचा हॉल. आठ आठवडे, आठवड्याला तीन दिवस. फी थोडी का होईना, पण घ्यायचीच. फुकट आलेला मुलगा तिसऱ्या आठवड्यात यायचा बंद होतो आणि का बंद झाला तेही सांगत नाही. पाचशे रुपये भरलेला मुलगा नाराज असला, तर निदान तोंडावर बोलतो. ते बोलणंच तुम्हाला हवंय.

या आठ आठवड्यांत एक साधी वही ठेवा. आज कोण आलं, कोण नाही. कुठल्या उदाहरणावर किती जण अडले. कोणता प्रश्न तीन वेळा आला. गैरहजर मुलाला संध्याकाळी फोन केला तेव्हा तो काय म्हणाला. 'बरं नाही' असं म्हणणाऱ्यांतल्या काहींकडे लॅपटॉप नसतो आणि ते मोबाइलवर कोड लिहीत असतात, हे त्या फोनमुळेच समजतं. पुढचा अख्खा अभ्यासक्रम या वहीतून निघतो. दुसऱ्याच्या वेबसाइटवरून उचललेला अभ्यासक्रम आणि वहीतून निघालेला अभ्यासक्रम यांतला फरक विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात जाणवतो.

आठ आठवड्यांच्या शेवटी परीक्षा एकच. नेट बंद, कोरी स्क्रीन, दीड तास, आणि वर्गात न झालेली एक समस्या. किती जणांना काहीतरी चालणारं करता आलं ते मोजा. बारा जणांपैकी आठ-नऊ जणांना जमलं, तर तुमच्याकडे शिकवण्याची पद्धत आहे. दोघांना जमलं, तर ते दोघे तुमच्याशिवायही शिकले असते. आणखी एक खूण असते: न सांगता कुणी मित्राला, बहिणीला घेऊन आलं का?

आता पैसे. इथे हात आखडता न घेता आकडे मांडायला हवेत. समजा, बारा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स आहे, फी १२,००० रुपये, बॅच ३० जणांची. कोचिंगवर जीएसटी १८ टक्के आहे. सेवांच्या व्यवसायाला वर्षाची उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की नोंदणी सक्तीची होते. एका बॅचचे ३ लाख ६० हजार, म्हणजे सहाव्या बॅचला तुम्ही ती रेषा ओलांडता. त्या दिवशी फी अचानक १८ टक्क्यांनी वाढवता येत नाही, म्हणून कर पहिल्यापासून फीच्या पोटातच धरायचा. बारा हजारांतले १,८३१ रुपये गेले. पेमेंट गेटवेचे साधारण दोन टक्के आणि त्यावरचा कर मिळून २८३. विद्यार्थी मिळवायचा खर्च, म्हणजे जाहिरात, सेमिनार, ओळखीतून आलेल्याला सवलत, हे माणशी २,००० धरू. शिकवण्याचे ६० तास, तासाला ८००, एकूण ४८,०००, म्हणजे माणशी १,६००. शंका सोडवायला दोन सीनिअर मुलं, प्रत्येकी महिना दहा हजार, तीन महिन्यांचे ६०,०००, म्हणजे माणशी २,०००. वर्गाचं सॉफ्टवेअर, सर्व्हर वगैरे ३००. शिल्लक ३,९८६ रुपये.

तीस जणांचे झाले १,१९,५८०. तीन महिन्यांत भागले, तर महिन्याला चाळीस हजारांच्या आत. त्यातून दोघा भागीदारांनी घर चालवायचं, सीएची फी द्यायची, मध्येच सोडलेल्यांचे पैसे परत करायचे. मोठ्या आयटी कंपन्यांत नव्याने लागणाऱ्याला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास मिळतात. म्हणजे बॅच भरलेली असतानाही तुम्ही त्या पगाराच्या खालीच आहात.

आता तीसऐवजी पंधराच जण आले असं धरा. शिकवणारा आणि शंका सोडवणारे यांचा एक लाख आठ हजारांचा खर्च तसाच राहतो, तो पंधरा जणांत वाटला जातो आणि माणशी ७,२०० होतो. शिल्लक उरते ३८६ रुपये. अख्ख्या बॅचमागे ५,७९०. हा धंदा कुठे तरतो आणि कुठे बुडतो, ते या दोन आकड्यांमध्ये आहे. तुम्ही म्हणाल, शिकवणार आम्हीच, मग ४८ हजार वाचले. सुरुवातीला वाचतील. पण स्वतःचा पगार शून्य धरून काढलेला हिशोब एक वर्षच टिकतो. दुसऱ्या वर्षी शिकवायला माणूस ठेवायची वेळ येते तेव्हा त्या हिशोबात त्याच्यासाठी पैसेच नसतात.

बाहेरचं भांडवल आणून हे गणित सुटेल असं वाटणाऱ्यांनी बायजूजचा प्रवास बघावा. २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर मूल्यांकन, आणि जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत. एका बॅचमागे काही उरत नसेल, तर शंभर बॅचमागेही उरत नाही.

दुसरी वाट कॉलेजांची. प्लेसमेंटच्या आधी ट्रेनिंग देणारे लोक कॉलेजांना हवे असतात आणि टीपीओ (प्लेसमेंट अधिकारी) सरांशी ओळख असली, की काम मिळतं. एका दिवसात दोनशे मुलं समोर येतात, जाहिरातीचा खर्च नाही. पण पैसे बिल दिल्यावर महिना, दोन महिने, कधी त्याहून उशिरा येतात, तोवर ट्रेनरचं मानधन तुमच्या खिशातून. शिवाय दोनशे मुलांच्या सेमिनार हॉलमध्ये त्या २३ आलेल्या मुलीकडे कुणाचं लक्ष जाणार? मी या वाटेला सरसकट नको म्हणत नाही. पहिल्या वर्षी ती जीव तगवते. तिच्यावरच पूर्ण विसंबलात, तर मात्र तुम्ही शिकवणारे न राहता ट्रेनर पुरवणारे होता. वेळापत्रकही लक्षात ठेवा. विद्यापीठाच्या परीक्षा साधारण नोव्हेंबर-डिसेंबर आणि मे-जूनमध्ये, कॅम्पसचा हंगाम जुलै-ऑगस्टपासून. बॅच या दोन्हींच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यांतच भरते. उरलेल्या महिन्यांत उत्पन्न नसतं, हे घरी आधीच सांगून ठेवावं.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय तो भाग, म्हणजे दिलेला शब्द. तुमच्याकडे येणारी फी कुणाच्या तरी सोयाबीनच्या पट्टीतली असते, कुणाच्या आईच्या भिशीतली असते. "शंभर टक्के प्लेसमेंट" हे तीन शब्द पोस्टरवर लिहायला फार सोपे आहेत. अमेरिकेत ब्लूमटेक नावाची कोडिंग शाळा ७१ ते ८६ टक्के मुलांना नोकऱ्या लागल्याचं सांगत होती. तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण यंत्रणेने २०२४ मध्ये तिच्यावर कारवाई केली, तेव्हा बाहेर आलं की गुंतवणूकदारांना दिलेल्या माहितीत हा आकडा निम्म्याच्या आसपास होता. 'नोकरी लागल्यावर पगारातून पैसे द्या' ही तिची योजना प्रत्यक्षात कर्जच होती, असंही त्या यंत्रणेने ठरवलं. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या फसव्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. निवडीची किंवा नोकरीची हमी देता येत नाही, आणि यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो त्याच्या यशानंतर घेतलेल्या लेखी संमतीशिवाय छापता येत नाही. पन्नासहून अधिक विद्यार्थी झाले, की तुम्ही या तत्त्वांच्या कक्षेत येता. मी म्हणेन, पहिल्या विद्यार्थ्यापासूनच पाळा. बारापैकी पाच जणांना नोकरी लागली असेल, तर 'बारापैकी पाच' असंच छापा, आणि पगार सांगताना सगळ्यात मोठा सांगू नका, मधला सांगा.

हप्त्यांवर फी घेण्याचा व्यवहारही नीट समजून घ्या. वित्तसंस्था तुम्हाला पूर्ण फी आधीच देते आणि विद्यार्थी तिला महिन्याला हप्ता देत राहतो. तुम्हाला सोयीचं वाटतं. पण मुलाने दुसऱ्या महिन्यात कोर्स सोडला, तरी त्याचा हप्ता चालूच राहतो, कारण त्याचं कर्ज तुमच्याशी नसून त्या संस्थेशी असतं. कितीतरी पालकांना आपण कर्जाच्या कागदावर सही केली हेच माहीत नसतं. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये पालकांना खात्यातून आपोआप पैसे वळते होण्याच्या संमतीबाबत सावध केलं होतं, ते याच अनुभवांमुळे. त्यापेक्षा तुम्हीच तीन हप्त्यांत फी घ्या. मुलगा थांबला, तर तुमचं उत्पन्नही थांबेल, आणि तो का थांबला हे शोधायला तुम्ही त्याच संध्याकाळी फोन उचलाल.

कागदपत्रांचं थोडक्यात उरकतो. चाचणी बॅच आणि पहिल्या एक-दोन बॅचेस एकल मालकीत निघतात. उद्यम नोंदणी फुकट आहे, आणि मोजकीच माणसं कामाला असतील, तर शॉप अ‍ॅक्टखाली ऑनलाइन सूचना पुरते. भागीदार असेल आणि काम चालू राहणार असं दिसलं, तर एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) बरी. उलाढाल ४० लाखांच्या आत आणि भांडवल २५ लाखांच्या आत असेल, तर तिला ऑडिटची सक्ती नाही. प्रायव्हेट लिमिटेडला एक रुपयाची उलाढाल नसली, तरी ऑडिट लागतं. ती गुंतवणूकदार दारात आल्यावर करता येते. स्टार्टअप इंडियाची मान्यता एलएलपीलाही मिळते. नावात 'युनिव्हर्सिटी' घालू नका, १९५६ च्या यूजीसी कायद्याने ते मना आहे, आणि सर्टिफिकेटला पदवी म्हणू नका. विद्यार्थी अठराच्या आतले असतील, तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात त्यांच्या माहितीसाठी पालकांची खातरजमा करता येईल अशी संमती घेण्याची, आणि त्यांच्यावर नेम धरून जाहिराती न करण्याची तरतूद आहे.

भागीदारीचा कागद मात्र थोडक्यात उरकू नका. दोघे मित्र पन्नास-पन्नास टक्के ठरवतात, सहा महिन्यांनी एकाला जॉइनिंगचं पत्र येतं आणि तो बंगळुरूला जातो. निम्मी कंपनी त्याच्या नावावर आणि शिकवतोय दुसरा. यावर चालत आलेला उपाय असा, की हिस्सा चार वर्षांत हळूहळू मिळतो आणि पहिलं वर्ष पुरं होण्याआधी सोडणाऱ्याला काहीच मिळत नाही. मैत्री चांगली असतानाच हे लिहून काढावं लागतं. नंतर तो विषय काढणंच अवघड होतं.

राहिला घरचा प्रश्न: किती दिवस थांबायचं? शैक्षणिक कर्ज असेल, तर त्याचं उत्तर बँकेने देऊनच ठेवलंय. बहुतेक कर्जांचे हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर साधारण एका वर्षाने सुरू होतात, व्याज मात्र मधल्या काळातही चढत असतं. ते एक वर्ष म्हणजे तुमची मुदत. पहिल्या तिमाहीत चाचणी बॅच, दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत पूर्ण फीच्या दोन बॅचेस, आणि चौथ्याच्या सुरुवातीला आईवडिलांसमोर हिशोबाची वही उघडून बसायचं. दुसऱ्या बॅचला वीसच्या वर विद्यार्थी आले का? त्यातले निम्मे जुन्या विद्यार्थ्यांच्या सांगण्यावरून आले का? सगळे खर्च धरून हाती काही उरलं का? तिन्हीचं उत्तर हो असेल, तर पुढच्या वर्षाचं घरच्यांशी बोला आणि कर्जाचा हप्ता खर्चाच्या यादीत सगळ्यात वर लिहा.

उत्तर 'नाही' असं आलं, तर नोकरीचे अर्ज सुरू करा, पण चालू बॅच मध्येच सोडू नका. शेवटची बॅच संपेपर्यंतचं शिकवणाऱ्यांचं मानधन आणि परताव्याची रक्कम पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात ठेवलेली असली, तर हे जमतं. वरच्या हिशोबाप्रमाणे तीस जणांच्या बॅचसाठी मानधनाचेच एक लाख आठ हजार होतात. त्यांना फी जमा झाल्यापासून शेवटच्या तासापर्यंत हात लावायचा नाही. आणि नवीन बॅचची फी घेण्याआधी ती बॅच पूर्ण होईल याची खात्री नसेल, तर ती फी घ्यायची नाही.